घरची शाळा आणि गावची शाळा

कोल्हापूर संस्थानात 1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड करण्याची तजवीज त्या कायद्यात होती. आणि ज्या काळी रोजंदारीवरच्या माणसाच्या घरात रुपया हा जपून ठेवण्याचा ऐवज होता, त्या काळी हा दंड केवळ कागदोपत्री नव्हता, तर शेतावर, गोठ्यात किंवा सावकाराच्या दारी राबणारे मूल कोणत्याही परिस्थितीत पाटीवर आणून बसवायचे, या राज्यकर्त्याच्या निश्चयाची ती खूण होती. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे लोटली. आज त्याच महाराष्ट्रात, मुख्यतः पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांत, अशी काही कुटुंबे आहेत की जी आपली मुले जाणीवपूर्वक शाळेत घालत नाहीत, किंवा घातलेली काढून घेतात. ही कुटुंबे निरक्षर नाहीत, दरिद्री नाहीत आणि शिक्षणाविषयी बेफिकीर तर मुळीच नाहीत. उलट मुलाच्या शिक्षणाविषयी अतोनात आस्था असल्यामुळेच आपण हा मार्ग पत्करला, असे ती सांगतात. ‘होमस्कूलिंग’ या नावाने आता मराठीतही रुळलेल्या या पद्धतीची संख्येने फार मोठी चळवळ झालेली नाही. परंतु तिने उपस्थित केलेला प्रश्न संख्येवर मोजण्याजोगा नाही, कारण मुलाच्या शिक्षणाचा अखेरचा जबाबदार कोण, घर की समाज, असा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे वळताना पहिल्याने हे स्मरणात ठेवले पाहिजे, की शिक्षणाची सक्ती ही आपल्याकडे कोणा परक्या सरकारने लादलेली गोष्ट नव्हे. ती परक्या सरकारकडून मागून घ्यावी लागली, आणि मागूनही मिळाली नाही. जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी होती. सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात अमरेली येथे 1893 साली सक्तीचा प्रयोग आरंभला आणि 1906 मध्ये तो सबंध संस्थानास लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढील वर्षी 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासदांच्या जोडीला आपलेही काही प्रतिष्ठित गृहस्थ होते, हेही विसरून चालणार नाही. स्वतंत्र भारताच्या संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ती उलटून पाच दशके होत आली तेव्हा कोठे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. ज्या सक्तीसाठी इतक्यांना इतकी वर्षे झगडावे लागले, तिच्यातून कोणी मोकळीक मागत असेल, तर ती मागणी आस्थेने ऐकावी, पण हलक्या हाताने मंजूर करू नये, असे मला वाटते.

ती ऐकण्यासाठीच पुण्यात कर्वेनगरातील एका घरी गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावरची मध्यम ऐपतीची जागा. आई पूर्वी संगणक कंपनीत अभियंता होती, वडील अजून त्याच क्षेत्रात नोकरी करतात, आणि डाकखात्यातून निवृत्त झालेले आजोबा त्यांच्याच घरी असतात. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. सकाळचे दहा वाजले होते आणि महिनाअखेर असल्यामुळे दुधाचा हिशेब चालला होता. रोज दीड लिटर दूध, तीस दिवसांच्या महिन्यात चार खाडे, आणि दर लिटरला चौसष्ट रुपये. मुलीने कागद घेतला नाही. ‘सव्वीस दिढे एकोणचाळीस,’ असे ती पुटपुटली; मग एकोणचाळीस लिटरांऐवजी चाळीस लिटर धरून दोन हजार पाचशे साठ केले, त्यातून एका लिटरचे चौसष्ट वजा केले आणि ‘दोन हजार चारशे शहाण्णव’ असा आकडा आजोबांपुढे ठेवला. आजोबांनी तिला पावकी, निमकी आणि दिडकी शिकवली आहे. ज्या पाठांतराला शाळांनी केव्हाच रजा दिली, ते या घरात पुन्हा जिवंत झाले होते, आणि पाठांतराच्या जोडीला, एकोणचाळीसाने गुणण्यापेक्षा चाळिसाने गुणणे सोपे आहे हे तिचे तिनेच शोधून काढले होते. तिला घाई नव्हती, तिच्यावर कोणी घड्याळ धरून बसले नव्हते, आणि तिचे उत्तर खरोखरच कोणाच्या तरी उपयोगाचे होते, कारण ते पैसे दुपारी दूधवाल्याला द्यायचे होते. शिक्षण इतके सहज आणि इतके पूर्ण होताना मी क्वचितच पाहिले आहे.

ही मुलगी दुसरीपर्यंत शहरातील एका इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत जात होती. ‘रोज रात्री पोटात दुखतंय म्हणायची,’ तिची आई सांगत होती. ‘आधी आम्हाला वाटलं, सोंग करतेय. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. मग एक दिवस म्हणाली, आई, मला इंग्रजीतून शूला जायचं विचारता येत नाही म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नाही. त्या दिवशी आम्ही ठरवलं.’ या वाक्यावर भाष्य करण्याचे कारण नाही. सात वर्षांचे मूल तहान मारून वर्गात बसत असेल, तर त्या वर्गाची फी कितीही असो आणि त्याचा निकाल कितीही उज्ज्वल असो, तेथून ते मूल उचलून आणणाऱ्या आईवडिलांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु त्याच घरात आणखीही काही पाहावयास मिळाले. धाकट्या मुलाला अद्याप सलग वाचता येत नाही. ‘येईल त्याचं त्याला,’ असे आई म्हणाली खरी. पण म्हणताना तिने सासऱ्यांकडे पाहिले, आणि आजोबांनी चष्मा पुसायला घेतला. सात वर्षांचे असो की नऊ वर्षांचे, मूल आपल्या वेळेने वाचू लागते, हा घरशिक्षणवाल्यांचा सिद्धान्त पुष्कळ मुलांच्या बाबतीत खरा ठरतो. जेथे तो खरा ठरत नाही, जेथे अक्षरे उलटी दिसण्यासारखी एखादी खरी अडचण मुलाला असते, तेथे ती ओळखणारा तिसरा डोळा घरात नसतो. शिवाय आईची नोकरी. ‘सोडावी लागली नाही, मी सोडली,’ असे तिने आवर्जून सांगितले, आणि तिच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. तरी मी ज्या मोजक्या कुटुंबांशी बोललो, त्यांपैकी प्रत्येकात नोकरी सोडणारी व्यक्ती आईच होती. घरी शिकवण्याला खर्च येत नाही असे जे म्हटले जाते, त्यात स्त्रीचा वेळ हा खर्चाच्या सदरात कोणी लिहीत नाही, एवढाच अर्थ आहे.

आणि संध्याकाळ. ही दोन मुले साडेचारलाच मोकळी होऊन सोसायटीच्या आवारात उतरतात, तेव्हा तेथे कोणीही नसते. शेजारची मुले पाचला शाळेच्या बसमधून उतरतात, कपडे बदलतात आणि सहाला शिकवणीच्या वर्गाला जातात. परत येतात तेव्हा आठ वाजलेले असतात. घरशिक्षणाला लोक नेहमी हरकत घेतात ती अशी, की अशा मुलांना चार मुलांत मिसळता येणार नाही. वास्तविक मिसळायला ही मुले तयार असतात. इतर मुलांनाच फुरसत नसते. या एका बाबतीत दोष त्या कुटुंबाचा नसून उरलेल्या सगळ्या सोसायटीचा आहे, असे माझे मत झाले.

पुढच्या वाटा तशा बंद नाहीत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था 1989 पासून अस्तित्वात आहे. वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तिच्या माध्यमिक परीक्षेस बसता येते, आणि एकदा नाव नोंदवले की पाच वर्षांच्या मुदतीत नऊ संधींमध्ये एकेक विषय सुटा करीत पुरा करण्याची मुभा असते. राज्य मंडळाकडे खासगी रीतीने बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म तर महाराष्ट्रातील घराघरात ठाऊक आहे, जरी आजवर तो मुख्यतः शाळा सुटलेल्या, नापास झालेल्या किंवा लग्नामुळे शिक्षण तुटलेल्या मुलींचा आधार म्हणून ओळखला गेला असला तरी. सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकलेल्या मुंबईच्या एका मुलीने आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळवली आणि 2016 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने तिला प्रवेश दिला, ही गोष्ट घरशिक्षण घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबात सांगितली जाते. आपल्या आयआयटींची दारे मात्र बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे तिला बंद होती. गोष्ट खरी आहे आणि प्रेरकही आहे. परंतु असामान्य बुद्धीच्या मुलीवरून सर्वसामान्य मुलांसाठी नियम बसवता येत नाही, तो शाळेच्या बाजूनेही बसवता येत नाही आणि घराच्या बाजूनेही नाही.

कायद्याची स्थिती काय, हे या पालकांना निश्चितपणे कोणी सांगत नाही, आणि त्याचे कारण कायदाच दोन तोंडांनी बोलतो. शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने 2002 साली संविधानात पालकाचे जे मूलभूत कर्तव्य घातले, ते सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या मुलास शिक्षणाच्या संधी उपलब्ध करून देण्याचे आहे. त्यात शाळेचा उल्लेख नाही. 2009 च्या अधिनियमाचे कलम 10 मात्र मुलाला नजीकच्या शाळेत दाखल करणे हेच पालकाचे कर्तव्य ठरवते. पण ते न पाळल्यास शिक्षा काय, याविषयी तो अधिनियम काहीच बोलत नाही. शाहू महाराजांच्या एक रुपयासारखी दंडाची तरतूद त्यात नाही. उलट कलम 8 मध्ये सक्तीच्या शिक्षणाची जी व्याख्या केली आहे, तिच्यानुसार सक्ती आहे ती शासनावर: शिक्षण पुरवणे आणि प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी व शिक्षणाची पूर्तता होते आहे याची हमी घेणे, हे शासनाचे बंधन आहे. 2012 मध्ये केंद्र सरकारने दिल्ली उच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही असे म्हटले होते. पुढे ती भूमिका तशीच टिकली नाही. म्हणजे घरशिक्षण आपल्याकडे मान्यही नाही आणि गुन्हाही नाही. इंग्लंडने 1944 सालीच आपल्या शिक्षण कायद्यात शाळेखेरीज अन्य मार्गाने शिकवण्याची मोकळीक ठेवली; जर्मनीने ती आजतागायत दिलेली नाही, आणि तेथील घरशिक्षणवादी कुटुंबांच्या तक्रारी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2006 आणि 2019 मध्ये फेटाळल्या. दोन्ही देशांनी निदान काही एक ठरवले आहे. आपण ठरवलेले नाही.

या न ठरवण्याचा परिणाम असा, की सरकारी दप्तरात कर्वेनगरातली ती दिडकी म्हणणारी मुलगी आणि कारखान्याच्या फडावर पाचट गोळा करणारी बीडच्या ऊसतोड्याची मुलगी या दोघींसाठी एकच रकाना आहे: ‘शाळाबाह्य’. महाराष्ट्र सरकारने 4 जुलै 2015 रोजी एका दिवसात सबंध राज्यभर शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण केले. पण मूल शाळेत का जात नाही आणि न जाता काय करते, यात जमीनअस्मानाचे अंतर असू शकते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन निघतात, त्यांची मुले त्यांच्याबरोबर गाडीत बसतात आणि चैत्राच्या आगेमागे परततात. त्यांच्यासाठी साखर शाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत सहज जाता यावे म्हणून हमी कार्डे निघाली. या योजना जेथे नीट चालल्या तेथे मुले शिकली, आणि जेथे कागदावर राहिल्या तेथे मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन खोपीपाशी बसली. सक्तीचा कायदा आहे तो या मुलीसाठी. त्यात कर्वेनगरातल्या मुलीसाठी जी फट पाडायची, तिच्यातून मुकादम, लग्नाची घाई झालेला बाप आणि पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करू पाहणारे खाते या तिघांनाही निसटता येणार नाही अशी ती पाडली पाहिजे. घरशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी या अटीचा विचार फारसा केलेला मला आढळला नाही.

घर पाहिले, तशी गावची शाळाही पाहिली. पुणे जिल्ह्यात पानशेतच्या धरणापलीकडे डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट अकरा आहे. दोन खोल्या, चार इयत्ता, दोन शिक्षक. मी गेलो त्या दिवशी एक शिक्षक मतदारयादीच्या कामावर होते. दुसरे गुरुजी पहिली-दुसरीला घेऊन जमिनीवर बसले होते आणि चौथीतली एक मुलगी तिसरीतल्या दोघांचे वाचन ऐकत होती. चुकले की ती सांगत नसे. नुसते बोट त्या शब्दावर ठेवी आणि वाट पाही. हे तिला कोणी शिकवले, असे विचारता गुरुजी म्हणाले, ‘मीच तसं करतो, ते बघितलं असेल तिनं.’ शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत मुलाने मुलाला शिकवण्याची जी महती गायली आहे, ती येथे शिक्षक अपुरे म्हणून निरुपायाने अवतरली होती. तरीही ती अस्सल होती.

दुपारी परातीत खिचडी आणि मटकीची उसळ आली. अकराच्या अकरा मुले एका रांगेत बसली. त्यांत धनगराचे होते, मराठ्याचे होते, कातकरी वस्तीवरची दोन भावंडे होती. आहार शिजवणाऱ्या मावशी कातकरी मुलाला म्हणाल्या, ‘घे अजून, लाजतो कशाला रं?’ आणि त्याच्या ताटलीत दुसऱ्यांदा वाढले. ज्या राज्यात अस्पृश्यांच्या मुलांना शाळेच्या ओसरीबाहेर बसवण्याचा शिरस्ता होता, त्या राज्यात ही रांग आपोआप लागलेली नाही. ती लागावी म्हणून 1848 मध्ये पुण्यात सावित्रीबाई घराबाहेर पडल्या आणि भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवले. कोणतेही घर, ते कितीही प्रेमळ आणि सुसंस्कृत असो, ही रांग लावू शकत नाही, कारण घरात आपलीच माणसे असतात.

आणखी एक छोटी हकिकत गुरुजींनी सांगितली. दुसरीतला एक मुलगा फळ्यावरचे काहीच उतरवून घेत नसे. मंद आहे असे घरच्यांनी ठरवून टाकले होते. आरोग्य तपासणीचे पथक शाळेत आले, त्यांनी डोळे तपासले, चष्मा मिळाला. ‘पहिल्या दिवशी चष्मा लावला आणि खिडकीतून बाहेरच बघत बसला,’ गुरुजी म्हणाले. ‘मी म्हटलं, फळ्याकडे बघ की. तर म्हणतो, गुरुजी, झाडाला सुटी सुटी पानं असतात.’ त्याच्या आईने त्याच्यावर कमी प्रेम केले होते असे नाही. तिने त्याच्यासारखी दुसरी वीस मुले पाहिली नव्हती, इतकेच.

मग घरी शिकवण्याविषयी मी गुरुजींना विचारले. त्यांना राग आला नाही. ते जरा विचारात पडले. ‘चांगलंच आहे की,’ ते म्हणाले, ‘पण घरी शिकवायला घरी माणूस पाहिजे ना, साहेब. या चौथीतल्या मुलीची आई पाचला उठून शेण काढते, मग भाताच्या खाचरात जाते. मला विचाराल तर असे शिकलेले आईबाप आमच्या गावात असते आणि महिन्यातून एकदा शाळेत येऊन बसले असते, तर माझं निम्मं ओझं कमी झालं असतं.’

सरकारी शाळेचे हे चित्र मी गोडवे गाण्यासाठी रंगवीत नाही. त्याच गुरुजींचा दिवसातला मोठा वेळ भ्रमणध्वनीवर माहिती भरण्यात जातो: आहाराची, आधारची, गणवेशाची, रोपांची. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या 2024 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी 48.8 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना पाच वर्षे शाळेत बसूनही तो येत नाही. वाचनात मागे पडलेला कर्वेनगरातला तो एक मुलगा आईच्या डोळ्यांसमोर तरी आहे. या लाखो मुलांचे मागे पडणे हजेरीपटावर ‘हजर’ या शिक्क्याखाली झाकले जाते. त्यात पुन्हा वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा प्रश्न. राज्यात अशा चौदा हजारांहून अधिक शाळा आहेत, आणि 2023 मध्ये शिक्षण खात्याने पानशेत व नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ यांच्या धर्तीवर त्या एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असेल, खेळाचे मैदान असेल, बस येईल, हे सारे खरे. पण पावसाळ्यात घाट खचला की बस येत नाही, आणि वाडीवरची सात वर्षांची मुलगी बसने बारा किलोमीटर जायला घरातून निघेलच, याची हमी खात्याला देता येत नाही. कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, ते उगाच नव्हे.

सबंध महाराष्ट्राने एकदा घरशिक्षणाचा प्रयोग करून पाहिला आहे, ही गोष्ट या चर्चेत कोणी काढत नाही. मार्च 2020 मध्ये शाळांना कुलपे लागली आणि प्राथमिक वर्ग पूर्ववत भरायला 2022 उजाडले. मधल्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे घोषवाक्य होते. काही शिक्षकांनी त्या दिवसांत विलक्षण कामे केली. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून गल्लीचाच वर्ग केला. पण एरवी शिक्षण त्याच घरात सुरू राहिले, जेथे स्वतंत्र भ्रमणध्वनी होता, निवांत कोपरा होता आणि शेजारी बसायला मोठे माणूस होते. उरलेल्यांसाठी 2021 च्या पावसाळ्यात सेतू अभ्यासक्रम काढावा लागला. त्या दोन वर्षांनी शाळेविना मूल शिकू शकते हे काही घरांत सिद्ध केले आणि पुष्कळ घरांत ते शिकू शकत नाही हेही सिद्ध केले. फरक मुलांत नव्हता, घरांत होता.

शाळेवरची टीका आपल्याला पश्चिमेकडून उसनी आणावी लागलेली नाही. घंटा, छडी आणि घोकंपट्टी यांनी मुलाचे मन कोमेजते, हे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी शंभर वर्षांपूर्वी भावनगरहून सांगितले, आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पण त्या टीकेतून ताराबाई कोठे पोचल्या, हे पाहण्याजोगे आहे. श्रीमंत पालकांच्या बालमंदिरात त्या थांबल्या नाहीत. अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन त्यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र काढले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये आयुष्य घातले. तेथील मुले दिवसभर गुरे राखीत, शाळेत येणे त्यांना शक्यच नव्हते. तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. गुरे चरत असत आणि झाडाखाली मुले शिकत असत. त्या कुरणशाळेला भिंती नव्हत्या, घंटा नव्हती, ठरीव वेळापत्रक नव्हते. घरशिक्षणवाले जे जे शाळेत नको म्हणतात, त्यांतले बहुतेक तेथे नव्हते. परंतु ती सर्वांची होती. शाळेचा जाच नको म्हणून शाळा सोडण्याऐवजी त्यांनी जाच तेवढा काढून टाकला आणि शाळा ठेवली.

दुसरे उदाहरण महात्मा गांधींचे. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी आपल्या मुलांना तेथील शाळांत न घालता स्वतः शिकवले; घरापासून कचेरीपर्यंत पायी जाता-येता ते मुलांना गुजरातीतून धडे देत. आपण त्यांना हवा तेवढा वेळ देऊ शकलो नाही आणि त्याबद्दल मुलांच्या मनात नाराजी राहिली, हे त्यांनी आत्मकथेत निःसंकोचपणे नमूद केले आहे. थोरला मुलगा हरिलाल याच्या आयुष्यभराच्या रोषात ती नाराजी होती. पण पुढे देशासाठी योजना मांडताना, 1937 च्या वर्धा परिषदेत, त्यांनी घरशिक्षण सुचवले नाही. त्यांनी नई तालीम सुचवली, म्हणजे हाताच्या कामाभोवती गुंफलेली, मातृभाषेतली, सर्व गावाची शाळा.

आता माझे म्हणणे सांगतो. कर्वेनगरातल्या त्या कुटुंबाने सोडली ती सरकारी शाळा नव्हेच. ती शाळा त्यांच्या आधीच्या पिढीने, इंग्रजी माध्यमाच्या ओढीने, केव्हाच सोडली होती. महापालिकेची मराठी शाळा त्यांच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे, हे त्या आईला ठाऊक होते. तिच्या आत पाऊल टाकावे असे मात्र कधी त्यांच्या मनातही आले नव्हते. महाग खासगी शाळा आणि घर या दोहोंतच त्यांनी निवड केली. शहरी मध्यमवर्गात घर की सरकारी शाळा अशी तुलना कोणी करतच नाही, आणि घरशिक्षणाच्या सगळ्या चर्चेतले मोठे वैगुण्य मला हेच वाटते. ज्या पालकांपाशी वेळ आहे, विद्या आहे, मुलाच्या कलाने घेण्याची कळकळ आहे, नेमके तेच पालक सार्वजनिक शाळेपासून सर्वांत दूर आहेत. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले. त्या जागांवर आज जी माणसे बसतात त्यांना मुख्याध्यापकांपुढे तोंड उघडायची भीड वाटते, आणि ज्यांना वाटणार नाही ती आपापल्या घरी आपापल्या मुलांना उत्तम शिकवीत आहेत.

तरीही घरशिक्षणाला बंदी असावी असे मी म्हणणार नाही. तहान मारून बसणाऱ्या मुलीला त्याच वर्गात परत पाठवण्याचा हक्क शासनाला नाही. कलम 10 ला एक परंतुक जोडावे: घरी शिकवू इच्छिणाऱ्या पालकाने नजीकच्या सरकारी शाळेत तशी नोंद करावी, त्या मुलाची परीक्षा घेऊ नये, पण वर्षातून दोनदा घराबाहेरच्या एका जाणत्या शिक्षकाने त्याला भेटावे, त्याच्याशी एकट्याशी बोलावे आणि शाळेत यायचे आहे का, हे त्यालाच विचारावे, आरोग्य तपासणी, ग्रंथालय आणि मैदान ही त्या शाळेची त्याला खुली असावीत, आणि वाटेल त्या दिवशी वयानुरूप वर्गात येऊन बसण्याचा जो हक्क कलम 4 ने प्रत्येक मुलाला दिला आहे, तो त्याच्यासाठी कायम राहावा. जेथे अशी नोंद नाही, तेथे मूल शाळाबाह्य समजून शोधून काढण्याची शासनाची जबाबदारी तसूभरही कमी होता कामा नये. आणि या मोकळिकीचे निमित्त करून एकही वाडीवरची शाळा बंद होऊ नये.

ज्या वाचकांच्या घरी शाळेच्या वयाचे मूल आहे आणि ज्यांच्या मनात घरी शिकवण्याचा विचार घोळतो आहे, त्यांना माझी विनंती आहे: निर्णय करण्यापूर्वी आपल्या घरापासून एक किलोमीटरच्या आतली जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा कोणती, ते शोधून काढावे, परिपाठापासून दुपारच्या जेवणापर्यंत एक सकाळ तेथे बसावे आणि मुख्याध्यापकांना भेटून आपण आठवड्यातले दोन तास तेथे देऊ शकतो का, असे विचारावे.